मला नसलेला धाकटा भाऊ

सांगण्यासारखं काही असलं की मी ते माइकवरूनच सांगत आलो. शाल, नारळ आणि समोर खुर्च्या असल्याशिवाय माझ्या तोंडून खरं किंवा खोटं फारसं काही बाहेर पडलेलं नाही. हे मात्र कुठेच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

नगरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो. आमचा एक फिल्म क्लब होता. सिनेमा, मग चर्चा, मग चहा. चर्चा म्हणजे मी बोलायचो. त्या दिवशी अमेरिकन सिनेमा होता, हल्लीच्या काळातला वेस्टर्न — घोड्यांच्या जागी खटारा गाड्या. दोन भाऊ. आईच्या मागे राहिलेली जमीन बँकेच्या घशात चाललेली, म्हणून दोघं त्याच बँकेच्या शाखा लुटत सुटतात. आमचे निम्मे सभासद बँकेतले. पहिला दरोडा पडला तेव्हा सर्वांत खूश तेच होते.

दिवे लागल्यावर मी उठलो. हा सिनेमा दरोड्याचा नाहीच, म्हणालो, वारशाचा आहे. काही घरांत बापाकडून पोराला शेत जातं, काही घरांत नुसतं दारिद्र्य. आणि मग — नेहमीप्रमाणे — माझी गोष्ट सांगितली.

कुठली गोष्ट? ज्या गोष्टीमुळे लोक मला बोलवायला लागले, ती. एका दिवाळी अंकात लिहिली होती. पूर्वेकडचं एक कोरडं गाव; नाव दिलं नव्हतं. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला निघतात, थोरला पोरगा त्यांच्याबरोबर, धाकटा आजीपाशी. थोरला परत येतो चैत्रात, तोवर वर्ग पुढे गेलेला. म्हणून पुन्हा तिसरीत. पुन्हा तिसरीत. मग एका जूनमध्ये धाकटाच दुसरी पास होऊन तिसरीत येतो. थोरला बसायच्या पट्टीवरून उठतो, आपली जागा त्याला देतो आणि चालू लागतो. वर्ग हसतो. पुढे एक प्रेमळ गुरुजी घरी येऊन त्याला शाळेत परत नेतात — आणि तो थोरला म्हणजे मी.

असे गुरुजी आमच्या गावात कधी झाले नाहीत. पण त्यांच्याशिवाय तो पोरगा प्राध्यापक कसा होणार? म्हणून घातले. धाकटा भाऊही मला नाही. इतके सत्कार झाले, एकाने तरी विचारावं — धाकटे बंधू सध्या काय करतात? लोक डोळे पुसत होते. डोळे पुसताना चौकशा कोण करतं? सिनेमातल्या त्या भावांनी निदान तोंडं बांधली होती. माझा तर लेखाबरोबर फोटो होता.

माझे वडील मुकादम होते. गावातल्या माणसांना आगाऊ पैशांची उचल द्यायची आणि टोळी ट्रकमध्ये भरून कारखान्यावर न्यायची, हे त्यांचं काम. गावातली पहिली जीप आमची. तो थोरला पोरगा म्हणजे रावसाहेब — आमच्याकडे अशी नावं ठेवायला पैसे पडत नाहीत — वडिलांच्याच टोळीतला. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. तो उठला तेव्हा वर्ग हसला, हे खरं. आधी कोण हसलं, ते लेखात नाही. मी हसलो.

हीच कबुली, असं वाटलं का? मलाही इथेच थांबायला आवडलं असतं. गोष्टी चोरणारे पुष्कळ आहेत, त्यातला मी एक — हे म्हणणं तसं सोपं आहे. पण त्या संध्याकाळी चहा चालू असताना माझ्या वर्गातली अश्विनी एका माणसाला घेऊन पुढे आली. बाहेर आलेले कान, हातात टोपी. मी त्याला तिथल्या तिथे ओळखलं.

"सर, हे माझे आप्पा," ती म्हणाली. "तुमचा लेख ह्यांना वाचून दाखवला, तर म्हणतात, ही माझीच गोष्ट. मी एवढीशी होते तेव्हापासून सांगतात. म्हटलं, चला, सरांनाच विचारू."

ती हसत होती, पण नजर माझ्या तोंडावर खिळलेली. आपला बाप इतकी वर्षं खरं सांगत होता की थापा मारत होता, ते तिला त्या क्षणी कळणार होतं. भोवती चार-पाच सभासद, हातात कागदी कप.

"कुठलं गाव आपलं?" मी त्याला विचारलं. आपलं. एका पट्टीवर बसलेल्या माणसाला.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मुकादम — त्याने एवढा एक शब्द काढला असता तरी पुरला असता.

"आता सोनईकडं ऱ्हातो," तो म्हणाला. "लई वर्सं झाली."

मग मी हसलो. म्हणालो, "अगं, अशी मुलं तेव्हा प्रत्येक शाळेत होती. ऐकता ऐकता दुसऱ्याचं आयुष्य आपलंच वाटू लागतं. साहित्याची ताकद म्हणतात ती हीच." कुणीतरी "वा" म्हणालं.

"व्हय," रावसाहेब म्हणाला. "सर म्हणत्यात तसंच आसंल. माझाच काईतरी घोटाळा झाला."

"आप्पा, तुम्ही पण ना," अश्विनी म्हणाली, आणि माझी माफी मागितली. माझी.

त्याच्या बापाला मी आमच्या ओट्याखाली उभं असलेलं पाहिलंय. विचारलं तेवढंच बोलायचा, खाली बघून, आणि प्रत्येक गोष्टीत चूक त्याचीच निघायची. समोर माझे वडील. म्हणजे वारसा दोन्ही बाजूंनी येतो. मघाशी मी त्याच विषयावर बोललो होतो; चांगलं बोललो होतो.

अश्विनी आता राजूरकडे एका शाळेत शिकवते. मागे तिचा फोन आला. तिकडची पोरं मधूनच शाळा सोडतात, म्हणून त्यांच्या आईबापांना ती माझी गोष्ट सांगते — चालेल ना, सर?

आप्पा कसे आहेत, मी विचारलं.

"बरे आहेत. ती गोष्ट मात्र बंद केली त्यांनी," ती हसत म्हणाली. "नातवंडं मागं लागतात, तर म्हणतात, मला न्हाई येत."

फोनवर आम्ही दोघंच होतो. सभासद नव्हते, कप नव्हते, वा म्हणणारं कुणी नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती.

चालेल, मी म्हणालो.