चिमणीसाठी राखलेला फोटो

नव्या ज्वारीच्या कणसांचा वास आला, की लढाईच्या दिवसांतलं आमचं परसदार आठवतं. मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. पाखरं टिपायला सरांचा कॅमेरा भीत भीत आणला होता. फिल्मवर एकच फोटो उरला होता, आणि पलटणीतला दादा दुपारी परत निघणार होता.

"दादाचाच काढू का?" मी चाचरत विचारलं.

"निघालेल्या माणसाचा फोटू काढू नगंस!" आई कडाडली.

दादा हसला. "चिमणीचा काढ रं. माझा काय, परत आल्यावं काढ."

चिमण्यांसाठी वळचणीला टांगलेली कणसं वाऱ्यानं हलत होती. दादानं खांबाआडून हात लांबवून ती धरली. आम्ही श्वास रोखले. चिमणी बसली, मी कळ दाबली.

फोटोत चिमणी पुसट आली, दादाचा हात स्वच्छ. त्याचा आमच्याकडे तेवढाच फोटो आहे.