बसलेला ताण

लिंबोणीला मार्गशीर्षात पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला म्हणायचं. मग पौषात पाणी सोडायचं, की झाड फुलानं भरतं. माझ्या वडिलांनी वेळापूरजवळच्या शेतात जन्मभर हेच केलं. गुडघे गेल्यावर ते जुळे सोलापुरात माझ्याकडे आले आणि मागच्या अंगणातल्या एकुलत्या एक लिंबोणीवर हुकूम गाजवू लागले. मी झारी उचलली रे उचलली, की खिडकीतून आवाज यायचाच. अगदी जीव नकोसा करायचे.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. स्वेटर कपाटातच राहिले आणि पाऊस दिवसाआड हजर. भर मार्गशीर्षात बेडूक ओरडत होते. गोगलगायींनी झेंडू फस्त केला, शेवंती कळीतच काळी पडली. दरवर्षीचा शिंजीर एकदा आला, भिजून लोंबणाऱ्या जास्वंदीत चोच घालून गेला, तो पुन्हा दिसला नाही.

"आभाळ पाणी तोडंना, तर आपण तोडू की," वडील म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी बुंध्याभोवती प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेनं विटा ठेवल्या.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. वडील काठी टेकत अंगणात आले. "बसला बघ ताण! लई न्यारा बसलाय." कित्येक महिन्यांत त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. पौषात हुकूम सुटला आणि मी बादल्या ओतल्या.

फूल आलं नाही. उरलीसुरली पानंही गेली. शेवटी मी कागद उचलला. खाली काळ्या मातीचा चिखल, त्याला आंबूस वास. मुळी ओढली तर साल हातात आली. मूठभर माती मी वडिलांपुढे धरली. त्यांनी ती हुंगली.

"कुजलंय. तहानेनं न्हाय, पाण्यानं गळत हुती पानं. आन् मला वळखू आलं न्हाय."

"असा हिवाळा तुम्ही तरी कुठं पाहिला होता?" मी म्हटलं. त्यांनी हात झटकले.

उन्हाळ्यात त्या जागी मी मोगरा लावला. झारी घेऊन मी बाहेर आले आणि सवयीनं थांबले. वडील खिडकीतच होते, पण आवाज आला नाही. शेवटी मीच विचारलं, "घालू का पाणी?"

"मला नगं इचारू," ते म्हणाले. "तुला वाटंल तसं कर."

झारी हातात धरून मी तिथंच रडले.