दोन सह्यांचं खातं

कुत्र्यांना न्हाऊ घालून त्यांचे केस कापणं हा वहिनींचा धंदा. 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली नवऱ्याच्या मित्रांनी, पुढे गिऱ्हाइकांनी तो शब्द उचलला, आणि आता सत्तरीचे आजोबाही आपलं पिल्लू काखोटीला मारून "वहिनी आहेत का?" असं विचारत दारात उभे राहत. घरामागच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीवर बसवलेला टब, रबरी चटई घातलेलं टेबल, भिंतीवर लहानमोठ्या कात्र्या. रस्त्यावर जो येईल त्याच्यावर धावून जाणारी कुत्री या टेबलावर चढली की गरीब गाय होत.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मफलर नावाचा पूडल हा वहिनींचा खास लाडका. त्याच्या कुरळ्या केसांना त्यांनी असा काही आकार दिला होता की लोक थांबून बघत. समुद्रकाठच्या एका शहरात कुत्र्यांच्या केशरचनेची स्पर्धा होती. डॉक्टरीणबाई मागेच लागल्या, "मफलरला घेऊन जाच तुम्ही." वहिनींनी नाव नोंदवलं. कुत्र्याला खोलीत ठेवू देणारं हॉटेल तिथे एकच, आणि त्यांना क्रेडिट कार्डाशिवाय चालत नव्हतं.

वहिनींचा सगळा व्यवहार रोखीचा. पण स्पर्धेला अजून दोन महिने होते, म्हणून त्यांनी कार्डासाठी अर्ज केला आणि निवांत झाल्या. आठवड्याभरात फोनवर संदेश आला : क्षमस्व, आपला अर्ज मंजूर करता येत नाही.

ते वहिनींच्या मनाला भलतंच लागलं. आजवर कुणाची दमडी बुडवली नव्हती. हातातलं कुत्रं अर्धवट भादरलेलं राहिलं असतं, पण त्याचा काय दोष, म्हणून ते पुरं केलं आणि अॅप्रन काढून त्या तडक बँकेत गेल्या.

खिडकीवरच्या मुलीने संगणकात डोकं घातलं. "तुमच्या नावावर एक ओव्हरड्राफ्ट थकलाय. म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलले गेलेत आणि परत भरलेले नाहीत. दुसऱ्या बँकेत. बरीच वर्षं झाली."

"काहीतरी चुकतंय तुमचं. माझं दुसऱ्या बँकेत खातंच नाही."

"झुबकेदार नावाने आहे. जॉइंट खातं."

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. झुबकेदार हे दुकान त्यांनीच काढलेलं होतं, थोरल्या नणंदेबरोबर. दोघींचं गूळपीठ असं की नवऱ्याला आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. दुकान झकास चाललं होतं, तोवर नणंदेच्या मनात आलं की मांजरंही घ्यावीत. वहिनी म्हणाल्या, मांजर आणि पाणी मी एका खोलीत आणणार नाही. नणंदेने एके दिवशी न विचारता तीन मांजरं आणली. त्या दुपारी दुकानात जे काही झालं त्याने दोघींचे हात ओरबाडले गेले, एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं आणि बोलाचाली अशी झाली की महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून अबोला. नवरा बिचारा एका रविवारी घरी जेवे, दुसऱ्या रविवारी बहिणीकडे, आणि इकडचं तिकडे एक अक्षर नेत नसे.

वहिनी त्या जुन्या बँकेत गेल्या, तेव्हा उलगडा झाला. दुकानात कार्डावर पैसे घ्यायचं एक छोटं मशीन होतं. दुकान बंद झालं, मशीन परत करायचं राहिलं, आणि त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यातून जात राहिलं. पैसे संपल्यावर ओव्हरड्राफ्टमधून. त्यावर व्याज, व्याजावर दंड. बँकेची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर जात, आणि तिथे आता चपलांचं दुकान होतं.

रक्कम ऐकून वहिनींनी मनातल्या मनात नव्या ड्रायरवर पाणी सोडलं. अधिकारी मात्र भला माणूस निघाला. म्हणाला, "तडजोड करून थोडे कमी भरता येतील. पण मग नोंदीत 'तडजोडीने मिटवलं' असा शेरा राहतो, आणि पुढची बँक तो बघते. पूर्ण भरलेत तर खातं स्वच्छ बंद होईल."

"पूर्ण भरते. करा बंद."

"दोघींच्या सह्या लागतील."

घरी येऊन वहिनींनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने वर्तमानपत्र जरा वर धरलं. "ताईचा नंबर देऊ?"

"आहे माझ्याकडे," वहिनी म्हणाल्या. मग ओटा पुसला, कात्र्यांना तेल दिलं, कुंड्यांना पाणी घातलं, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा फोन लावला.

"वन्सं, मी बोलतेय."

"कळलं. नंबर अजून पुसलेला नाही मी."

वहिनींनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ते मशीन तुम्ही परत करणार होता ना?" वहिनींनी विचारलं.

"मी? अगं, किल्ल्या तुझ्याकडे होत्या."

"किल्ल्या मी तुमच्याकडे पाठवल्या होत्या, ह्यांच्या हाती."

दोघींना एकदमच उमगलं. किल्ल्या कुठल्यातरी रविवारी निघाल्या होत्या आणि पोचल्या नव्हत्या. आतल्या खोलीत वर्तमानपत्राची घडी होत असल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मागचं दार हळूच लागलं.

"आता कळलं," नणंद म्हणाली. "गेल्या वर्षी मला स्कूटरला कर्ज नाकारलं. मला वाटलं, वय झालं म्हणून. लाजेपोटी कुणाला बोलले नाही. बसने हिंडतेय तेव्हापासून."

"मला तरी सांगायचं."

"तुलाच सांगायचं मनात होतं. पण कुठल्या तोंडाने?"

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेच्या दारात भेटल्या. नणंद केस पांढरे ठेवायला लागली होती. वहिनींना ते बरे वाटले, पण मागच्या बाजूने नीट कापलेले नव्हते. रक्कम निम्मी निम्मी भरली. सही करताना नणंदेचं पेन अडकलं, तेव्हा वहिनींनी आपलं पुढे केलं. अधिकाऱ्याने येणं बाकी नसल्याचं पत्र दिलं आणि सांगितलं, "नोंद सुधारायला वेळ लागेल. तोवर ठेव असेल तर तिच्यावर कार्ड मिळतं. मर्यादा लहान असते."

वहिनींची छोटीशी ठेव होती. तिच्यावर कार्ड आलं, स्पर्धेच्या जेमतेम आधी. हॉटेलात एकच खोली परवडली, दोन खाटांची.

"दुसऱ्या खाटेवर मफलर झोपणार का?" नणंदेने फोनवर विचारलं.

"तुम्ही येत नसलात तर तोच."

गेल्या दोघी. स्पर्धेत नणंदेने मफलरला असं काही धरलं, की त्याने चार तास शेपूट सोडून काही हलवलं नाही. बक्षीस एका अस्वलासारख्या कुत्र्याला मिळालं. पण एका परीक्षकबाई टेबलाशी येऊन कानांवरच्या केसांना हात लावून गेल्या आणि "हे कुणी केलं?" असं विचारत्या झाल्या. वहिनी तोंड उघडेपर्यंत नणंद म्हणाली, "आमच्या वहिनीने."

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर चहा पिताना वहिनींनी नणंदेला खुर्चीत बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मागचे केस सारखे करून दिले. मफलर दोघींच्या पायांवर आडवा पसरून घोरत होता.

नोंद सुधारल्यावर नणंदेला स्कूटरचं कर्ज मिळालं. शनिवारी गर्दी असते, म्हणून ती आता मदतीला येते. स्कूटर फाटकात आडवी लावते, आणि वहिनी ती दर वेळी सांगूनही सरळ लावत नाही म्हणून कुरकुरतात. नवरा दर रविवारी एकाच ठिकाणी जेवतो, आणि त्याला कुणी काही आणायला सांगितलं की आधी कागदावर लिहून घेतो.