आई वर्गात बोलली तो दिवस

रहांगडाले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या आमगावच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. पोरांना सांगायला तोंड उघडलं आणि नेमकं सरांचं गडगडाटी हसणं आठवलं.

वनस्पतिशास्त्र विभागात आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. प्रयोगशाळेच्या दारावर ‘मोबाइल बंद’ची पाटी मी लावली होती आणि विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सरांनी काढला होता. त्यावरून आमचं रोज वाजायचं. “मॅडम, पोरं फोन सोडत नाहीत. मग आपणच फोनात जाऊ,” ते म्हणायचे.

दरेकसा गावची सुनीता उईके वर्गात कधी बोलत नसे. तोंडी परीक्षेत ती नुसतीच उभी राहिली आणि नंतर मला म्हणाली, “मले तुमच्यासारखं बोलता येत नाही, मॅडम. आता घरीच राहीन.” हे कळल्यावर सरांनी तिला बोलावलं. “घरी जा, पण तुमच्या धानाच्या शेतात, बांधीत उभी राहून एक झाड समजावून सांग. तुझ्या बोलीत. आवाज ग्रुपवर टाक.”

दोन दिवसांनी तिचा आवाज आला. ती परत येऊन मागच्या बाकावर बसलेली असतानाच सरांनी तो स्पीकरवर लावला. “मी धानाच्या बांधीतून बोलून राहिली. हा करगा, धानातलं जंगली धान. याचं कुसळ लांब राहते, हात लावला का दाणे झडून जातेत...” तेवढ्यात मागून तिची आई, “काऊन वं, एकटीच कोणासंग बोलून राहिली?” वर्ग खो-खो हसला. सुनीतानं मान खाली घातली. सरही मनसोक्त हसले आणि फोन तोंडाशी धरून ग्रुपवर सरळ आईलाच विचारलं, “बाई, कोवळा करगा कसा ओळखता?”

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आईच्याच आवाजात उत्तर आलं. “बुडाशी जांभळा दिसते, सर. नाही दिसला तं निसवेपर्यंत, लोंबी येईपर्यंत थांबा लागते.” सरांनी ते स्मार्टबोर्डवर शब्दशः लिहिलं, खाली आईचं नाव घातलं. आणि पाटी लावणारी मी ते वहीत उतरवून घेत होते.

सुनीता कॉलेजात टिकली. आता ती ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सरांच्या शोकसभेत ती हातात कागद न घेता, आपल्या बोलीत बोलली, आणि लोक चक्क हसत होते.

उत्तर अडलं की सर चष्मा काढून सावकाश पुसत बसायचे, पोराला वेळ मिळावा म्हणून. हल्ली मीही पुसते. काच केव्हाच स्वच्छ झालेली असते... तरी पुसत राहते, आणि बाकावरून कुणीतरी बोलू लागतं.