कागदावरचे मांडे

मला मांडे करता येत नाहीत. जाहिरातीत हे एक वाक्य लिहायचं राहून गेलं आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं.

गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची, नाशिकची. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि दुपारी दोन तास पलीकडच्या कॉलनीत शिकवण्या घेत होते. एके दिवशी पेपरात वाचलं, ‘घरबसल्या शिका, व्यवसायाची तोंडओळख. सहा आठवडे. इंटरनेटवर.’ घरात नुकताच सेकंडहँड कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर पत्ते खेळण्यापलीकडे आमची मजल गेली नव्हती. मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. नवी दोनशे पानी वही आणली, तिला कव्हर घातलं. शिकवणाऱ्या मॅडम मला दिसणार नव्हत्या, मी त्यांना दिसणार नव्हते, फक्त ई-मेलवर धडे यायचे होते. तरी पहिल्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरपुढे बसले (आणि केसांत गजराही होता, आता लपवून काय उपयोग).

आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. जोडणी होताना तो डबा आधी कण्हायचा, मग किंचाळायचा. माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सायखेड्याहून आमच्याकडे आल्या होत्या. काळा चष्मा लावून त्या हॉलमध्ये बसायच्या.

“त्याला काय दुखतंय गं?” त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

“आई, ते इंटरनेट लागतंय.”

“लय जीव घेऊन लागतंय बाई.”

पहिले दोन धडे मी अधाशासारखे वाचले. गिऱ्हाईक म्हणजे कोण, बाजारपेठ म्हणजे काय. भाजी आणायला गेले की मी भाजीवाल्याकडे उद्योजक म्हणून बघायला लागले. तो मला पूर्वीसारखीच वरची शिळी मेथी द्यायचा, पण मला आता ते ‘मालाचं व्यवस्थापन’ वाटायचं.

तिसऱ्या धड्याला गृहपाठ आला. एक काल्पनिक व्यवसाय निवडा, त्याची जाहिरात तयार करा, संपर्काचा नंबर घाला आणि दहा जणांना विचारून मागणीचा अंदाज काढा. मी दिवसभर विचार केला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर आली होती. आमच्याकडे आखाजीला आमरसाबरोबर मांडे लागतात. मांडा म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. हे शहरात किती जणींना जमतं? कोणाला नाही. मग मागणी किती असेल? अफाट! मी आनंदाने उठून घरात दोन फेऱ्या मारल्या.

मराठी टाइप कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी पांढऱ्या कागदावर स्केचपेनने जाहिरात काढली. ‘आखाजीला घरपोच मांडे! सायखेड्याच्या सुगरणीच्या हातचे. तलम, मऊ, तोंडात विरघळणारे. नोंदणी सुरू.’ खाली आमच्या घरचा फोन नंबर. कडेने वेलबुट्टी.

माझे यजमान सुधाकर सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांच्या ऑफिसात स्कॅनर होता. त्यांनी कागद नेला, स्कॅन केला, मॅडमना पाठवला आणि घरी येऊन सांगितलं, “झालं तुझं काम.”

मूळ कागद स्कॅनरच्या काचेवर विसरून आले, हे मात्र सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तो कागद दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सापडला. एवढी वेलबुट्टी काढलेली जाहिरात वाया कशी घालवायची म्हणून त्या सज्जनाने ती कँटीनच्या दारातल्या फळ्यावर लावली. तीनही पाळ्यांची माणसं त्या दारातून जेवायला जायची, आणि त्यातली निम्मी खानदेशातली.

फोन येऊ लागले. सकाळी मी इंटरनेटवर असायचे, तेव्हा लाइन सतत एंगेज. त्याचा अर्थ कारखान्यात असा लागला की मांड्यांना भयंकर मागणी आहे, आपण मागे राहायला नको. दुपारी मी शिकवण्यांना गेले की लाइन मोकळी व्हायची आणि फोनजवळ सासूबाई बसलेल्या असायच्या. ‘मांडे घ्याल का’ असं दहा लोकांना विचारायचा माझा अभ्यास आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. आता तर लोक आपणहून फोन करून विचारत होते. त्यांनी सुनेचा अभ्यास मनावर घेतला.

चौथ्या दिवशी मी घरी आले तर त्या खुशीत होत्या.

“सुनंदा, तुझा अभ्यास म्या पुरा केला. दहा जण लागत व्हते ना? एकोणतीस झाले.”

“एकोणतीस काय झाले?”

“घरं. मांडे एकसष्ट. पाटील पाच, देवरे तीन, ते कोण अहिरे का काय, ते दोन. वाचता येत नाय, लिहिता येत नाय ह्या चष्म्यानं, पण समदं ध्यानात हाये. इचार तू.”

मी विचारलं. त्यांनी एकोणतीस नावं न अडखळता म्हणून दाखवली. माझ्या डोळ्यांपुढे एकसष्ट मांडे कोपरापर्यंत मोठे व्हायला लागले.

“आई, ते सगळं खोटं होतं. कागदावरचं होतं.”

“खोटं? म्या तर सांगितलं, आखाजीच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कारखान्यात येतील म्हणून.”

सुधाकर संध्याकाळी आले. मी त्यांना घडलेलं सांगितलं आणि म्हटलं, “उद्या जाऊन सगळ्यांना सांगा, चूक झाली, मांडे नाहीत.”

“सांगतो ना. त्यात काय?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून परत आले.

“सांगितलं का?”

“पाटीलभाऊंना सांगायला गेलो होतो. ते लेथवर असतात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, आई गेल्यापासून सहा वर्षांत आखाजीला मांडा पाहिला नाही, वहिनींना सांगा, त्यांचं भलं होईल.”

“मग?”

“मग तिथे आणखी दोघं उभे होते. त्यांचे चार मांडे लिहून घेतले मी.”

पासष्ट मांडे झाले. घरात ते करू शकणारी एकच बाई, आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर धूर आणि आच यांच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलेलं. मी म्हटलं, मीच शिकते. उत्साह दांडगा होता. स्वयंपाकघरात कणीक तिंबली, पुरण भरलं, गोळा हातावर घेतला आणि सासूबाई सांगतील तसा झुलवला. मांड्याला मध्ये भोक पडलं, ते मोठं झालं, आणि मांडा माझ्या हातावरून घसरत जाऊन कोपराला बांगडीसारखा बसला. दुसरा तसाच. तिसरा फ्रीजवर गेला.

सासूबाईंनी काळ्या चष्म्यातून फ्रीजवरच्या मांड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “गंगीला बोलवावं लागंल.”

गंगाकाकू म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई, सायखेड्यालाच राहणाऱ्या. आठ वर्षांपूर्वी एका लग्नात, वाढप चालू असताना, काकू चार बायकांत म्हणाल्या होत्या की थोरलीचे मांडे जाड होतात. तेव्हापासून दोघी एकाच गल्लीत राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. दिवाळीचा फराळ यायचा-जायचा, पण मुलांच्या हाती.

मी काकूंना फोन लावला आणि सगळी हकीगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“तुझ्या सासूला म्हणावं, सोताच्या तोंडानं बोलव. मंग येते.”

मी रिसीव्हर सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि भिंतीकडे बघत बसल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “गंगे, मांडे करायचेत. माझे डोळे गेलेत.”

“गेले?” काकूंचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

“मोतीबिंदूचं आपरेशन.”

“मंग असं सांग ना बया. काळजात धस्स केलं माझ्या.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुझ्याकडं खापर हाये का तिथं?”

“फ्लॅटात कुठलं आलं खापर?”

“दोन आणते.”

आखाजीच्या आदल्या दिवशी काकू एसटीने आल्या. दोन्ही खापरं गोधडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर धरली होती. एवढ्या उन्हात तोंडावरून गोधडी घेतलेलं बाळ बघून कंडक्टरला राहवलं नाही. तो म्हणाला, मावशी, गुदमरेल ना ते. काकू म्हणाल्या, गुदमरू दे, मातीचंच हाये. त्यानंतर नाशिक येईपर्यंत तो त्यांच्या सीटकडे फिरकला नाही म्हणे.

संध्याकाळी चार किलो डाळीचं पुरण वाटलं आणि पहाटे पाचला इमारतीच्या गच्चीवर विटांच्या दोन चुली पेटल्या. सुधाकर सरपण घालायला, मी पुरणाचे गोळे करायला, काकू मांडे झुलवायला. सासूबाईंना आम्ही लांब, पाण्याच्या टाकीमागे, चुलींकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं होतं. धूर त्यांच्या डोळ्यात जायला नको म्हणून.

काकूंनी पहिला मांडा झुलवला. तो त्यांच्या हातांवर असा पसरत गेला, जसं काही पीठ नाहीच, वारा भरलेलं धोतर आहे. खापरावर पडताना त्याचा बारीक ‘फस्स’ असा आवाज झाला.

टाकीमागून सासूबाई म्हणाल्या, “जाड हाये.”

माझा हात गोळ्यातच थांबला. सुधाकरांनी लाकूड चुलीत घालायचं सोडून छातीशी धरलं. काकूंनी दुसरा मांडा घेतला, आणखी दोन वेळा झुलवला आणि टाकला.

“आता जमला,” टाकीमागून आवाज आला. “आवाजावरनं कळतं मला. तुझ्या हाताला गंगे, पयल्यापासनं गुण हाये.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. “धूर लय झालाय,” त्या म्हणाल्या. चूल तर धगधगत होती, धुराचा पत्ता नव्हता. पण ते बोलायची हिंमत आमच्या दोघांत नव्हती.

मग मांड्यांची जी गाडी सुटली ती दुपारपर्यंत थांबली नाही. दोघी जावा एकमेकींकडे पाठ करून आठ वर्षांच्या गप्पा मारत होत्या. मध्येच मलाही स्फुरण चढलं. मी म्हटलं, काकू, एक मला टाकू द्या. काकूंनी मोठ्या मनाने गोळा दिला. यावेळी मांडा कोपरापर्यंत गेला नाही, ही प्रगती. पण खापरावर पडला तो मध्ये वाटीएवढं भोक घेऊनच.

“सुनंदा,” टाकीमागून सासूबाई म्हणाल्या, “तू फडकी धू.”

भाजलेले मांडे मऊ राहायला ओलसर फडक्यात गुंडाळावे लागतात. मी बादली घेऊन बसले. माझा तो भोकाचा मांडा गडबडीत इतरांबरोबरच फडक्यात गेला.

कारखान्याला सुट्टी नव्हती. सुधाकरांनी स्कूटरवर दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला मीही मागे बसले, मांडीवर डबे घेऊन. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं समाधान प्रत्यक्ष पाहावं, असं धड्यात लिहिलंच होतं. कँटीनमध्ये माणसं स्टीलच्या ताटल्या घेऊन उभी होती. पाटीलभाऊंनी आपला डबा उघडला, वरचाच मांडा दोन्ही हातांनी उलगडला आणि उजेडात धरला. त्या भोकातून मला त्यांचा एक डोळा दिसला.

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. मी म्हटलं, “भाऊ, तो बदलून देते.”

“नको वहिनी.” त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. “आमच्या आईच्या मांड्याला असंच भोक पडायचं. दरवेळी. ती म्हणायची, देवाला वाट ठेवली.”

तो मांडा त्यांनी उभ्यानेच खाल्ला, आमरस न घेता. मी परत येताना स्कूटरवर सबंध रस्ता बोलले नाही. सुधाकरांनी दोनदा विचारलं, पडली तर नाहीस ना.

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसून मॅडमना मागणीचा अंदाज पाठवला. दहा दिवसांत पासष्ट मांडे, एकतीस घरं, प्रसिद्धीचा खर्च एक कागद. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, दहापैकी तीन गुण. शेरा होता, ‘कल्पनाशक्ती चांगली आहे, परंतु मागणीचे आकडे वास्तवाला धरून असावेत.’

सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “तिला दोन मांडे धाडायचे व्हते.”

कोर्स मी कसाबसा पास झाले. पण पुढच्या आखाजीला फोन आपोआप वाजायला लागले आणि सायखेड्याहून दोघी जावा एकाच सीटवर बसून, मध्ये खापरं घेऊन आल्या. तेव्हापासून दरवर्षी गच्चीवर चुली पेटतात. ऑर्डर सासूबाई घेतात, तोंडपाठ. मांडे काकू करतात. व्यवसायाचं शिक्षण घेतलेली घरात मी एकटी, म्हणून माझ्याकडे फडक्यांचं खातं आहे. सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून घेतलं होतं, ते काकूंना फार आवडलं. त्या त्याने चुलीला वारा घालतात. म्हणतात, तुझ्या कोर्साचा कागद मजबूत हाये हो, नुसत्या पुठ्ठ्यापेक्षा ह्यानं जाळ चांगला धरतो.