मेलेल्याने बोलायचं नाही

माझ्या नणंदेचं लग्न जमलं त्या दुपारी मी मेलेली होते.

आता हे वाक्य मी कुणाला सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतात, आणि हे शांतपणे मान हलवतात. म्हणजे खोटं नाही. पण नीट पहिल्यापासून सांगते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लालबागची खोली सोडून आम्ही बोरिवलीला आलो होतो. दोन बिल्डिंगांची सोसायटी, मध्ये मोकळी जागा, एक बदामाचं झाड, पाण्याची टाकी आणि गेटपाशी सोसायटीचा फळा. त्यावर 'उद्या पाणी नाही' एवढंच वर्षभर लिहिलेलं असायचं. मे महिन्यात मात्र त्या मोकळ्या जागेत 'राज्य' चालायचं. दोन्ही बिल्डिंगांतली झाडून सगळी पोरं त्यात. कुणी राजा, कुणी प्रधान, कुणी चोर, कुणी पोलीस (राजाच्या राज्यात पोलीस कसे, असं विचारायचं नाही). ह्या खेळात कुणी जिंकत नसे, हरत नसे. आज जिथे थांबला तिथून उद्या पुढे चालू. सुट्टीभर चोर तो चोरच, आणि प्रधान तो प्रधानच. जेवायला हाक मारली तरी आमचा मिलिंद खालून ओरडायचा, "न्यायाधीश कामात आहेत."

खेळ सुरेख होता, पण भांडणं फार. बाण लागलेला पोरगा म्हणायचा लागलाच नाही. सकाळी चोर असलेला दुपारी कंटाळून पोलीस व्हायचा आणि स्वतःलाच शोधत फिरायचा. मेलेली पोरं पडल्या पडल्या ओरडून सांगायची, चोर टाकीमागे लपलाय. एकदा तर शेजारच्या शालनच्या पिंकीला कैद करून मीटरच्या खोलीत बसवलं आणि सगळे तिला विसरून जेवायला गेले. पिंकी बिचारी तुरुंगात झोपली. त्यावरून माझं आणि शालनचं असं जुंपलं की दोन्ही बिल्डिंगांच्या गॅलऱ्या भरल्या. शेवटी मीच म्हटलं, ह्या खेळाला काही नियम हवेत बाई. सोसायटीत जो सुचवतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तसा खडू माझ्या हातात आला.

माझं शिक्षण सातवी. पण फळ्यापुढे उभी राहिले आणि काय सांगू, अंगात आलं. एका माणसाने एकच सोंग घ्यायचं. आई-बापावरून शिवी नाही. खेळातलं भांडण जिन्यावर न्यायचं नाही (ही ओळ शालनकडे बघत लिहिली). नवीन कुणी आला तर त्याला हसायचं नाही, पाणी द्यायचं, नियम वाचून दाखवायचे आणि त्याला एक सोंग द्यायचं. खेळ चालू असताना कुणीही काहीही विचारलं, तरी उत्तर खेळातलंच द्यायचं. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, मेलेल्याने बोलायचं नाही. बोलेल त्याचं तोंड गेटवरचा दिवा लागेपर्यंत बंद. ह्या शेवटच्या नियमाचं मला फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून मी तो वाचून दाखवत असे.

पोरं म्हणाली, मोठी माणसंच नियम मोडतात, तेव्हा प्रत्येक घरातून मोठं माणूस खेळात हवं. आमच्या घरातून मी राजमाता झाले, कारण माझा आवाज समोरच्या बिल्डिंगीत पोचायचा. माझी नणंद सुनंदा रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती, म्हणून ती राजवैद्य.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं. मुलगी गुणी, दिसायला नीटस, अठ्ठाविसाव्यात होती आणि लग्न जमत नव्हतं. दोष तिचा नव्हता. माझा होता. माझ्या तोंडाला झाकण नाही. एका स्थळाच्या मंडळींना मी पोहे देता देता सांगून बसले की अकरावीला तिचं एक वर्ष गेलं होतं. दुसऱ्या वेळी मुलाची आई सहज म्हणाली, तब्येत बरी असते ना? तर मी तिला अपेंडिक्सच्या ऑपरेशनची कथा टाक्यांसकट ऐकवली. मला वाटायचं मी मोकळेपणा दाखवते. मंडळी मोकळ्या हाताने परत जायची.

आणि आता मुलुंडचं स्थळ आलं होतं. मुलगा श्रीकांत, कंपनीत कामाला. तो एकदा सुनंदाच्या लॅबमध्ये आला होता, तिने त्याचं बोट टोचलं होतं आणि तो हसला होता म्हणे. प्रत्येक स्थळाला "बघू" म्हणणारी सुनंदा पहिल्यांदाच म्हणाली, "बरा वाटतो." आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी मला समोर बसवलं. आवाज चढवणाऱ्यांतले ते नाहीत. म्हणाले, "हे स्थळ गेलं तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नाही म्हणते. उद्या तू फक्त पोहे दे. बोलू नकोस." मी म्हटलं, मी कुठे बोलते? ह्यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मंडळी रविवारी संध्याकाळी पाचला येणार होती. आणि त्याच दुपारी खेळात राजमाता मरायची होती. पोरांनी आठवडाभर आधी ठरवलं होतं: राजवैद्य फितूर होतो आणि खिरीतून विष घालतो. मी तसं म्हटलंही की पुढे ढकला. तेवढ्यात शालन म्हणाली, "घाबारलंस. गो, तू मेलंस तरी गप रवाचंस नाय." मालवणची ती. माणसाचं मर्म असं हातात धरून बोलते. मी म्हटलं, बघच. तीनला मरेन, चारला उठेन, अंघोळ करून साडी बदलेन, पाचला पोहे.

सुनंदाने तीनला मला विष पाजलं (खीर म्हणजे ताक होतं) आणि ती लगेच शिंप्याकडे ब्लाउज आणायला पळाली. मला टाकीशेजारी चटईवर निजवलं. अंगावर पांढरी चादर, गळ्यात दाराच्या जुन्या तोरणातले झेंडू, आणि चेहरा पांढराफटक दिसावा म्हणून तांदळाचं पीठ. पोरांनी भोवती बसून गळे काढले. फार छान रडत होती हो. मला स्वतःचंच वाईट वाटायला लागलं.

मग शालन सुरू झाली. ती नकलाकार! सोसायटीतल्या कुठल्याही बाईचा आवाज काढायची. मी डोळे मिटून पडलेली आणि ही एकदा दूधवाला होऊन हिशोब मागतेय, एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोच्या आवाजात प्रेत कंपाउंडात ठेवायला परवानगी घेतली का विचारतेय. एकदा तर माझ्या आईचा आवाज, पण बोली स्वतःचीच मालवणी काढून "माका न सांगता कशी गेलंस गो बाय" म्हणून ऊर बडवून घेतला. माझं पोट चादरीखाली गदगदत होतं. मानेवरून मुंगी चालली होती. पण ओठ उघडले नाहीत.

मग जरा शांत झालं. (शालन गॅसवर दूध ठेवून आली होती. ते आठवून ती वर धावली. हे मला कुठून कळणार? मी मेलेली.) गेटशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मंडळींचं कांदिवलीला कुणा नातेवाइकाकडे काम होतं, ते लवकर आटोपलं, तेव्हा ती दीड तास आधीच आली. हेही मला कुठून कळणार?

जवळ बांगड्या वाजल्या आणि एक जड, खानदानी आवाज आला, "अगं बाई. कोण गेलं गं?"

"मिलिंदची आई. सुनंदाताईची वहिनी," पिंकी म्हणाली. सहा वर्षांची पोर, पण नियमाला पक्की.

"म्हणजे त्या सुनंदाची भावजय? काय झालं होतं?"

"विष."

"विष? कुणी... स्वतः घेतलं?"

"नाही. सुनंदाताईने दिलं. खिरीतून. सगळ्यांना माहितीय."

मी मनात म्हटलं, शालन आज रंगात आहे.

मग एका पुरुषाचा आवाज कसाबसा आला, "पोलिसांना कळवलंय का?"

"पोलीस आंबा खायला गेलेत," पिंकी म्हणाली.

हा पुरुषाचा आवाजही मला शालनचाच वाटला! माणूस एकदा स्वतःला शहाणं समजायला लागलं की त्याला काहीही वाटतं. तेवढ्यात त्या बाई माझ्याजवळ वाकल्या. हुंदका आवरत म्हणाल्या, "कपाळावर कुंकू आहे हो. सवाष्ण गेली. चेहऱ्यावरून किती अबोल, गरीब वाटते."

अबोल! तिथे मात्र माझा बांध फुटला. डोळे न उघडताच मी म्हटलं, "शालन, पुरे कर. तुझा आवाज मी मसणातूनही ओळखीन."

किंकाळी आली ती शालनची नव्हती. डोळे उघडले तर समोर नारायणपेठी साडीतल्या एक अनोळखी बाई, त्यांच्यामागे टोपीवाले गृहस्थ, आणि त्यांच्या हातातून सुटलेली मोसंबी टाकीकडे घरंगळत चाललेली. पुढच्या क्षणी दोघंही गेटकडे पळत होते. गृहस्थ पुढे होते.

कोण आहेत हे माझ्या डोक्यात लख्खकन आलं. सुनंदाचं "बरा वाटतो" आठवलं. मी उठले आणि मागे धावले. पायात चादर, गळ्यात झेंडू, तोंडाला पीठ. "थांबा हो, मी मेलेली नाही," असं मी जितकं ओरडत होते तितका त्यांचा वेग वाढत होता. आमचे हे दुपारची झोप मोडून खिडकीत आले. त्यांनी पुढे पळणारी मंडळी पाहिली, मागे मला पाहिलं, आणि हळूच खिडकी लावून घेतली.

फळ्यापाशी एक तरुण मुलगा हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. शेजारी आमचा मिलिंद छडीने एकेक नियम दाखवत त्याला वाचून दाखवत होता. नवीन माणसाला पाणी दिलं होतं, हसलं नव्हतं, 'वाटसरू' हे सोंग दिलं होतं, आणि राजवैद्याने राजमातेला विष घातल्याची बातमीही सांगून झाली होती.

"श्रीकांत, चल आधी इथून," त्याची आई धापा टाकत म्हणाली. "ह्यांच्या मुलीने भावजयीला विष घातलंय, आणि आता ती भावजय आपल्या मागे लागलीय."

श्रीकांतने पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे. "आई, विष राजवैद्याने दिलंय," तो म्हणाला. "आणि मेलेल्याने बोलायचं नाही असा इथे नियम आहे. ह्यांना दंड आहे."

त्याच्या आई-बाबांना ह्यातलं काही कळेना. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच गेटमधून सुनंदा आत आली. बगलेत ब्लाउजचं पुडकं, केस विस्कटलेले. सगळे तिच्याकडे बघत राहिले. श्रीकांतच्या आईच्या डोळ्यांत सरळ भीती होती. वाटलं, ह्या वेळी बोलूनसुद्धा नाही, मरून वाट लावली मी हिची.

श्रीकांतने तिला विचारलं, "विष तुम्ही दिलंत?"

सुनंदाने फळ्याकडे बघितलं. खेळ चालू होता, आणि उत्तर खेळातलंच द्यायचं होतं. माझ्या पिठाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हो. मीच दिलं."

"का?"

"फार बोलते."

श्रीकांत असा हसला की पेल्यातलं पाणी सांडलं. मग त्याचे वडील हसले. आईंना कळायला सगळा फळा वाचून घ्यावा लागला, आणि कळल्यावर त्या तिथल्याच कट्ट्यावर बसून डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या. मी म्हटलं आता नीट माफी मागावी, घराण्याचं दोन शब्दांत सांगावं. तर मिलिंदने छडी माझ्यासमोर धरली. "राजमाता, दंड. दिवा लागेपर्यंत." मी सुनंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "वहिनी, नियम म्हणजे नियम." इतक्या प्रेमाने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

तर ती संध्याकाळ मी मुक्याने काढली. मुक्याने पोहे दिले, मुक्याने चहा दिला. मिलिंद दारातच उभा. श्रीकांतची आई म्हणाली, पोहे सुनंदाने केले वाटतं, छान झालेत. (मी केले होते!) मी गिळलं. मग त्या म्हणाल्या, मुलीची तब्येत बरी असते ना? अपेंडिक्स अगदी घशाशी आलं. हे माझ्याकडे बघत होते, सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी त्यांना आणखी पोहे वाढले. हे शांतपणे म्हणाले, "लहानपणी एक ऑपरेशन झालंय, आता ठणठणीत आहे." एवढ्या एका वाक्यात ती कथा मावते हे मला त्या दिवशी कळलं.

मंडळी निघाली तेव्हा होकार देऊनच निघाली. श्रीकांतची आई जिन्यात आमच्या ह्यांना म्हणाली, "तुमच्या मंडळी फारच शांत आहेत हो. मेल्यावर काय ती एकदा बोलल्या. अशा घरची मुलगी डोळे मिटून करावी." त्याच वेळी गेटवरचा दिवा लागला. मी तोंड उघडलं, तर ह्यांनी पटकन त्यांना रिक्षात बसवलं.

सुनंदाचा संसार मुलुंडला सुखाने चाललाय. तिच्या सासूबाईंना माझी खरी ओळख लग्नाच्या पंगतीत झाली, पण तोवर अक्षता पडल्या होत्या. आणि आता इतकी वर्षं झाली, मिलिंदच्या मुलीला बघायला माणसं येऊ लागलीत, तरी घरात पाहुणे यायचे असले की आमचे हे सकाळीच पेपर बाजूला ठेवतात आणि हळूच विचारतात, "मग, आज कितीला मरतेस?"