मुनाफचा खिळा

मुनाफ झोपेतच गेल्याचा मेसेज आमच्या कबड्डी क्लबच्या ग्रुपवर पडला आणि जोडलेल्या हातांची रांग संपायच्या आत भांडण पेटलं... त्याचा फोटो मानाच्या भिंतीवर परत लावायचा की नाही. मी दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. माझ्या डाव्या पायात स्टीलची पट्टी आहे, ती मुनाफचीच देणगी. त्यामुळे सगळे शेवटी माझ्यावरच आले. "हबीबी, तूच डिसाइड कर. तुझा पाय, तुझा व्होट."

मुनाफ रत्नागिरीकडचा, शारजातल्या एका गोदामात सुपरवायझर. उजव्या कोपऱ्यात तो वाकून उभा राहिला की चढाईला जाणारा डावीकडेच वळायचा. त्याने घोटा धरला की खलास! क्लबच्या कपाटातले बहुतेक कप त्याच्या पकडींचे. खांदे निखळवले, नाकं फोडली आणि मग त्याच माणसांना गाडीत घालून बिर्याणी खायला नेलं. माझ्यासारख्या पुणेरी कॉम्प्युटरवाल्याला मॅटवर आपटताना तर त्याला विशेष आनंद व्हायचा.

त्या शनिवारी आपसातलाच सामना होता. माझी चढाई, त्याची पकड. मध्यरेषा हातभर राहिली होती. मी मोकळ्या पायाची टाच त्याच्या तोंडावर हाणली, मुद्दाम, सगळा जोर लावून. दात तुटल्याचं माझ्या टाचेला कळलं. पंच देसाईकाका पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही; बाकीच्यांना ती झटापटच वाटली. शिट्टी वाजली, मी बाद झालो. मुनाफने मात्र पाय सोडला नाही. तोंडातून रक्त गळत असताना त्याने माझ्याकडे बघत घोटा पिळला. ऊस मोडावा तसा आवाज आला. सोडवायला धावलेल्या देसाईकाकांना त्याने एका ठोशात आडवं केलं. चौघांनी छातीवर बसून त्याला दाबला, तरी तो लाथा झाडतच होता...

कमिटी हॉस्पिटलात माझ्या खाटेपाशी बसली. "आधी काही झालं होतं का?" मी नाही म्हणालो. मुनाफ क्लबातून कायमचा बाद झाला, त्याचा फोटो उतरला. पुढे मी कोच झालो आणि त्याच खिळ्यावर माझा फोटो लागला.

पाय मोडला त्याच आठवड्यात तो सुजलेल्या तोंडाने मला भेटायला आला होता. मी विचारलं, "लाथेचं का नाही सांगितलंस?"

"शिट्टी वाजली होती ना, भावा. पाय मी मोडला, कळून मोडला. तुझं तू सांग... इन्शाल्ला."

मी आठ वर्षं सांगितलं नाही. त्याची मला लाज वाटते.

माणूस मेला की लगेच देवमाणूस होतो, ही आपली खोड मला मान्य नाही. मुनाफ क्रूर होता. थंडीत पाय ठणकतो तेव्हा मी आजही त्याला शिव्या घालतो. पण ती भिंत खेळाची आहे, आणि चांगुलपणाचीच म्हणाल तर मग तिथे मीही नको.

गेल्या शनिवारी क्लबात सगळ्यांसमोर लाथेचं सांगितलं. देसाईकाका उठले आणि त्यांनी खाडकन माझ्या कानाखाली लावली. मी गाल चोळत माझा फोटो उतरवला. काकाच कपाटातून मुनाफचा फोटो घेऊन आले, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि माझ्या हातात दिला.

मी तो खिळ्याला अडकवला. कप उचलून मुनाफ हसतोय... आणि त्याचे सगळे दात शाबूत आहेत.